पार्बताबाईचं तोंड

गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या स्वर्गवासी सासवा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? तीच गोल हनुवटी, तेच शांत डोळे, तीच मलईसारखी कातडी. लोकांना वाटतं, माणूस गेलं की त्याच्या तोंडावर शांती येते. शांतीबिंती काही नाही हो. त्या सगळ्या माझ्या हाताखालून गेल्यात.

बाजारातल्या आमच्या स्टुडिओत फोटो काढायचे आमचे हे, आणि त्यातली माणसं दुरुस्त करायची मी. धंद्यात त्याला फिनिशिंग म्हणत. आताच्या पोरांना मोबाइलवर बोट फिरवलं की गाल गोरे होतात, म्हणून सांगावं लागतं. तेव्हा फोटो आधी फिल्मवर उलटा उमटायचा. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. ती निगेटिव्ह उजेडावर धरायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालचे खड्डे बुजवत जायचं. बुजवलेली जागा कागदावर गोरी उठायची. मग मोठा फोटो निघाला की काडीला कापूस गुंडाळून रंगाचा हात द्यायचा. गालाला गुलाबी, ओठांना त्याहून गुलाबी, लुगड्याला घरचे सांगतील तो रंग. जन्मभर चिखलात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, केलेली म्हातारी संध्याकाळपर्यंत नवरी होऊन बाहेर पडायची.

आणि हे करणारी ती पोरगी! आज ती समोर आली तर मी तिच्या दोन्ही वेण्या धरून फिरवीन. स्वतःला काय समजायची, बाई! फोटोच्या कोपऱ्यात सही अशी ठोकायची की मयत माणसाचं नाव तिच्यापुढे बारीक दिसावं. एका तेरवीला त्यामुळे घोटाळा झाला. महाराजांनी फोटोकडे पाहिलं, सही वाचली आणि संकल्पात माझंच नाव घेतलं. घरचे लोक रडण्याच्या भरात होते, कोणी टोकलं नाही. आमच्या ह्यांच्या कानावर ते आलं आणि पुढे कित्येक दिवस सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असायचा, "कैलासवासी बाई, चहा मिळेल का?"

दागिने चढवणं हाही कामाचा भाग होता. एक मुलगा आईचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "बाई, मायच्या गळ्यात सोन्याचा गोफ घाला. जितेपनी घालता आला नाही मले." त्याचे डोळे भरलेले पाहून मी असा गोफ घातला की सराफानं पावती मागावी. पिवळ्यावर पांढऱ्याचे बारीक टिपके, खाली सावली, सगळं. फोटो भिंतीवर लागला. धाकटा भाऊ परगावाहून आला, त्यानं पाहिलं आणि थोरल्याची गचांडी धरली. "हा गोफ कोठं हाये?" शेवटी पंचांसमोर मला नेलं. मी रंगाची ट्यूब दाखवली आणि सांगितलं की गोफ हा आहे, वाटून घ्या. पंच हसले. धाकटा मात्र जाताना म्हणाला, "खरा दिसते पन." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

पण सगळ्यात अवघड काम म्हणजे फोटोच नसलेलं माणूस. तेव्हा निम्मी माणसं एकही फोटो न काढता जात. मग आम्ही नातेवाइकांच्या तोंडांतून त्याला जमवायचो. एकाचं कपाळ, दुसऱ्याचे डोळे. दरेकशाकडचे चार भाऊ असेच बापाचा फोटो करून घ्यायला आले. चौघंही म्हणत, "बाबाचं नाक माह्यासारखं होतं." नाकं चार आणि बाप एक. मी चौघांना ओळीनं बसवलं, प्रत्येकाचं थोडं थोडं घेतलं आणि मोठ्या दिमाखात एक बाप तयार केला. त्यांची म्हातारी आई तो पाहायला आली. फोटोवरचा कागद काढताच तिनं चटकन डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय झालं, आजी?"

"मायबाई! मामंजी होत हे!"

नवरा करायला गेले, सासरा झाला. भाऊ शहाणे निघाले. आजोबांचाही फोटो नव्हताच, म्हणून तोच घेऊन गेले आणि आजोबा म्हणून टांगला. मी सही अर्थातच मोठी केली होती.

मग कॉम्प्युटर आला. त्याला ना काडी लागे, ना कापूस. आमचे हे गेले, स्टुडिओ मुलानं चालवायला घेतला, आणि आता तिथे पासपोर्ट फोटो, आधारचं लॅमिनेशन असलं चालतं. मी वरच्या मजल्यावर राहते, पण पाय खाली वळायचेच. गिऱ्हाइकाची हनुवटी धरून वर करायची, कोणाला पावडर लाव म्हणायची. एकदा एका फौजदाराला सांगितलं की डावीकडून बरे दिसता. त्याच दिवशी सूनबाईनं माझं नाव पेंटिंगच्या क्लासला घातलं. "आई, तुमचा हात चांगला आहे, वाया कशाला घालवता," असं म्हणाली. मी म्हटलं, पोरी, घरातून बाहेर काढायची इतकी गोड रीत मलाही माझ्या सासूसाठी सुचली नव्हती.

क्लास एका राइस मिलच्या मागच्या माडीवर. शिकवणारी अंशिका मॅडम, वयानं माझ्या नातीएवढी, नागपूरला शिकून आलेली. घरी हिंदी बोलणारी, त्यामुळे मी तिची पहिल्या दिवसापासून दादी. तिच्याकडे शाळेची पोरं कमळं आणि डोंगर काढत. मी म्हटलं, मला तैलरंगात माणसाचं तोंड शिकव, बाकी मला सगळं येतं. तिनं माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाली, "अपना बनाओ."

मी काढलं. मन लावून, बारीक ब्रशनं. ती मागे येऊन उभी राहिली.

"दादी, ये कौन है?"

"मी."

"कब की?"

आरशात पाहिलं, कॅनव्हासवर पाहिलं. हातानं न विचारता सगळ्या सुरकुत्या बुजवल्या होत्या. कवळीसुद्धा काढून खरे दात बसवले होते. ती सही ठोकणारी पोरगी माझ्याकडे पाहून हसत होती, मेली.

अंशिकानं थापीसारखी पातळ सुरी घेतली आणि माझ्या तोंडावरून सर्रकन खरवडली. तैलरंगाचं हे एक बरं असतं. कित्येक दिवस वाळत नाही, म्हणून चूक खरवडता येते. पण पूर्ण जात नाही. खाली एक मळकट डाग उरतो. त्या डागात मला माझी आई दिसली, बाजेवर बसून चिडलेली. मी घाबरून आरसा पालथा घातला.

"बस," अंशिका म्हणाली, "यहीं से शुरू करते हैं।"

ती शिकवत होती त्या रीतीला एक्स्प्रेशनिस्ट म्हणतात. शब्द लांब आहे, माझी कवळी त्यात अडखळते. साधं सांगायचं तर माणूस डोळ्याला जसं दिसतं तसं नाही, मनाला जसं लागतं तसं काढायचं. राग लाल वाटला तर कपाळ लाल. सावलीत हिरवा, गालावर जांभळा. मी विचारलं, "हिरवं तोंड? माणसाला विष दिलंय का?" ती म्हणाली, रंग कातडीला विचारू नका. आणि बारीक ब्रशवर तिनं बंदीच घातली. दाराला रंग देतात तसला रुंद ब्रश हातात दिला. मी माझा जुना बारीक ब्रश अंबाड्यात खोचून नेऊ लागले. ती पाण्याला गेली की पटकन एक डोळा रेखून घ्यायचा. एक दिवस मान खाली घातली आणि ब्रश टपकन तिच्या पायाशी पडला. शाळेची पोरं तोंडावर हात ठेवून हसली. माझ्याच नातवंडांच्या वयाची पोरं, आणि मी अंगठे धरायला उभं राहावं तशी उभी.

अशात एका सकाळी स्टुडिओत सदारामजी आले. केशोरीकडचे धानवाले शेतकरी, पांढरं धोतर, पांढरी टोपी. सोबत मुलगा रमेश. सदारामजींच्या आईचा फोटो कधीकाळी मीच केला होता, म्हणून ते मला शोधत आले होते. त्यांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. भोवती प्लॅस्टिकची फुलं, लुकलुकणारे दिवे. आत एका बाईचा फोटो. मागच्या वर्षी गेलेली त्यांची बायको, पार्बताबाई. तिचा आयुष्यातला एकच फोटो निघाला होता, आधारचा. रमेशनं तो कॉम्प्युटरवर मोठा करून घेतला होता. मी पाहिला. कोणीतरी तिला पदर मागे घ्या, हलू नका, तोंड मिटा म्हणून सांगितलं असणार. ठाण्यात नेऊन बसवलेल्या बाईसारखी ती दिसत होती.

"हे माही बायको नोहे," सदारामजी म्हणाले.

रमेश कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "असंच म्हनून राहिले बाबा वर्ष झालं. मायचाच फोटो होय, आजी."

"फोटो तिचाच होय, मी कोठं नाही म्हनतो? पन ते नोहे." मग माझ्याकडे वळून म्हातारा हळू बोलला. "बाई, रोज हेच पायतो. झोपतो तं समोर हेच, उठतो तं हेच. आता डोळे मिटले तरी हेच येते. तिचं पयलं तोंड होतं ना, ते गेलं. ह्या फोटोनं खाल्लं तिले. तुमी काढून द्या मले. अजून थोडं शिल्लक असंल तं असंल."

मी त्यांना जुन्या सवयीनं विचारलं, "नाक कसं होतं?"

ते फ्रेमवरच्या फुलांकडे पाहत म्हणाले, "होतं आपलं. नाकासारखं नाक."

"डोळे?"

"दोन होते," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकून भीती वाटली असं मला दिसलं.

मी कामाला लागले. अंशिकाला सांगितलं नाही. म्हटलं, पोरांचे खेळ वेगळे आणि धंद्याचं काम वेगळं. आधारचा फोटो समोर ठेवला, पार्बताबाईच्या मुलीला बोलावून तिचं कपाळ घेतलं, बहिणीचे ओठ घेतले, मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं. अंबाड्यातला ब्रश उघडपणे वापरला. कॅनव्हासवर तेलात इतकं सुबक काम मी कधी केलं नव्हतं. सही करताना तेवढं भान ठेवलं आणि लहान केली.

सदारामजी वर माझ्या खोलीत आले. चित्रासमोर उभे राहिले. टोपी काढली. मला वाटलं, जिंकले.

"चांगल्या घरची दिसते," ते अदबीनं म्हणाले. "कोनाची होय?"

मला हसू आलं असतं, पण त्यांनी टोपी पुन्हा घातली नाही. हातातच चुरगळत राहिले. "तं मंग गेलीच म्हना," एवढं बोलून ते जिना उतरू लागले. रमेश मला म्हणाला, "तुमी बेस काढलं आजी, बाबाचंच काही खरं नाही." तो मनापासून म्हणाला. पण मला त्या क्षणी जिल्ह्यातल्या माझ्या साऱ्या सासवा भिंतीवरून माझ्याकडे पाहताहेत असं वाटलं. शांत, गोऱ्या आणि कोणाच्याच नसलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी चित्र उचलून क्लासच्या माडीवर नेलं आणि अंशिकासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती समोसा खात होती. खाता खाता म्हणाली, "दादी, आपने उनसे शक्ल पूछी। शक्ल तो वो भूल गए ना। कुछ और पूछो।"

"काय विचारू?"

"वो आप जानो। धंदा आपका है।"

मी केशोरीला गेले. दिवस रोवण्याचे होते. सदारामजींचे वाडवडील तलाव बांधणारे. त्यांच्या घराण्यातल्यांनी बांधलेला तलाव अजून गावाला पाणी पाजतो, आणि तलावातून पाट निघून बांध्याबांध्यांत, म्हणजे धानाच्या आखलेल्या तुकड्यांत जातो. कोणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं त्याची पाळी ठरलेली. आम्ही पाटाच्या कडेनं चाललो होतो. मी नाकाडोळ्यांचं नावच काढलं नाही. काय खायची, कशावर चिडायची, असं विचारत गेले. उत्तरं सगळी एकाच मापाची. "खाये आपली." "चिडे कधी कधी." "चांगली होती, बाई." शेतकऱ्याला बायकोबद्दल याहून जास्त बोलायची सवय नसते, आमच्या ह्यांनीही माझ्याबद्दल याहून जास्त कोणाला सांगितलं नसतं.

पाटाच्या तोंडाशी आलो आणि ते थांबले. "इथं उभी राहे ती. पानी आमच्या पाळीचं असलं का फावडं घेऊन. एकदा त्या वरच्या बांधीवाल्यानं तोंड फोडून पानी पळवलं, तं..."

"तर काय?"

"तं म्हने..."

आणि सांगता सांगता त्यांनी छत्री फावड्यासारखी रोवली, एक पाय पुढे टाकला, हनुवटी वर काढली आणि ओरडले, "ए! कोनाच्या बापाचं पानी होय रे? पाळी माही होय! हात तं लावून दाखव! इथंच गाडतो तुले, वरून धान रोवतो!"

बाजूच्या बांधीत बाया वाकून रोवणा करत होत्या. एकीनं पाठ सरळ केली, हातातले पऱ्हे, भाताची रोपं, तशीच. "मायबाई! पार्बताकाकी आली का वो?" दुसरी म्हणाली, "तेच तोंड होय, पाय ना!" सगळ्या हसू लागल्या. सदारामजी मात्र ओशाळून छत्री उघडू लागले.

मी पाण्यात पाय घालून तशीच उभी. त्या ओरडण्याच्या वेळी त्यांचं तोंड त्यांचं नव्हतं. खालचा ओठ डावीकडे ओढला गेला होता, एक भुवई वर, दुसरी जागेवर, मानेची शीर ताठ, आणि डोळ्यांत रागाच्या मागे कसलीशी मजा. धंद्यात आम्ही मयताचं तोंड रक्ताच्या नात्यात शोधायचो. भावात, मुलात, बहिणीत. नवऱ्याच्या तोंडाकडे कधी कोणी पाहिलं नाही. त्यात काय सापडणार? आणि इथे जन्मभर एका चुलीशी बसून खाल्लेली बायको अख्खीच्या अख्खी नवऱ्याच्या तोंडावर राहत होती. त्याला तेवढं दिसत नव्हतं, कारण ते त्याच्याच तोंडावर होतं.

"सदारामजी," मी म्हटलं, "आणखी एकदा ओरडा."

"काऊन बाई? लोक हासून राहिले."

"हसू द्या. ओरडा."

ते ओरडले. मग खुलत गेले. ती भाजीवालीशी कशी घासाघीस करायची, जावयाला वाढताना कशी बोलायची, त्यांनी तंबाखूचा खर्रा खाल्ला की कशी बघायची, ते सगळं करून दाखवलं. बायांनी रोवणा थांबवला. मी कागदावर काहीच उतरवलं नाही. फक्त पाहत राहिले, आणि माझंही तोंड त्यांच्यासोबत वाकडं होत राहिलं.

गोंदियाला आल्यावर अंशिकानं मला कोरा कॅनव्हास दिला नाही. म्हणाली, त्याच सुंदर बाईवर काढा. सुरीनं मीच खरवडलं. मळवट गेला, हिरवं लुगडं गेलं, नि मला अजिबात वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. लुगड्याचा काठ फार छान जमला होता. मग टर्पेंटाइन घालून पातळ केलेल्या रंगाचा पहिला हात दिला. त्यावर जवसाच्या तेलातला जाड रंग. क्रम उलटा केला तर चित्राला पुढे भेगा जातात. पातळावर जाड चालतं, जाडावर पातळ नाही. माझी सासू पोळ्यांबद्दल असलंच काहीतरी म्हणायची.

रुंद ब्रश घेतला आणि पार्बताबाईसारखं तोंड करून उभी राहिले. हो, तसंच. खालचा ओठ डावीकडे ओढला की हात आपोआप जोरात फिरतो, हे मला तेव्हा कळलं. कपाळावर विटकरी लाल. हनुवटीखाली पऱ्ह्यांचा पिवळट हिरवा, कारण पाण्यात उभ्या माणसाच्या गळ्यावर खालून तो उजेड येतो, आणि मी विष म्हणून हसले होते तो हाच रंग होता. तोंड उघडं, आत काळपट जांभळं. डोळ्यांना दोनच ठोकळे. मिलचा कोंडा उडून ओल्या रंगावर बसत होता, तो मी काढला नाही. कमळं काढणारी पोरं आपली कामं सोडून मागे उभी होती. एक म्हणालं, "दादी गुस्सा क्यों हो रही हैं?" अंशिका म्हणाली, "चुप, वो दादी नहीं है।"

नाक राहिलं होतं. तिथे ब्रशचा एकच आडवातिडवा फटकारा होता. मी म्हटलं, एवढं नाक नीट करते. अंशिकानं माझा हात धरला.

"बस, दादी। हाथ धो लो।"

"अगं नाक..."

"हाथ धो लो।"

जन्मभर फिनिशिंग करून पोट भरलेल्या बाईला कोणी असं म्हणणं म्हणजे सुगरणीला मीठ न घालता भाजी उतरव म्हणण्यासारखं. मी हात धुतले. धुताना रडू आलं, कशाचं ते सांगता येत नाही.

सदारामजींना मी वाळल्यावर या म्हटलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी आले. रमेशची गाडी मिलच्या आवारात उभी राहिली, आणि म्हातारा कठड्याला धरत माडी चढला. मी चित्र भिंतीकडे वळवून ठेवलं होतं. अंशिकानं ते फिरवलं.

आधी रमेश बोलला. "आजी, हे काय जी? मायचं भूत केलं तुमी. हे घरात कसं लावाव? पाहुने येतील तं पळतील."

मी सदारामजींकडे पाहत होते. ते जवळ गेले. मग लांब आले. पुन्हा जवळ. मनात म्हटलं, आता पुन्हा 'कोनाची होय' म्हणाले तर मी ब्रशच चुलीत घालीन.

"नाक असं नोहतं," ते म्हणाले.

अंशिकाचं तोंड एवढंसं झालं. मी सवयीनं विचारलं, "मग कसं होतं?"

"बसकं होतं. असं नाही. राग आला का डावी नाकपुडी आधी फुगे, उजवी मागून." त्यांनी डोळे मिटले होते. "शेंड्यापाशी बारीक वण होता. ल्हानपनी बैलाचं शिंग लागलं होतं तिले. नाकात मोरनी घाले ना, ते त्या वणाच्यानं कधी सरळ बसेच नाही. मी म्हनो, सोनाराकडून सरळ करून आन. ते म्हने, नाकच वाकडं हाये तं सोनार काय करंल, अन् तुमाले कायले पायजे सरळ, तुमी कोठं पायता माह्याकडे." ते थोडं हसले. डोळे मिटलेलेच. "पायत होतो ना. पायत होतो."

रमेश हळूच म्हणाला, "शिंगाचा वण. हो. मी तं भुललोच होतो, बाबा."

"कानाची पाळी फाटली होती डाव्या. दात पुढचा थोडा वर चढला होता. हासताना हात धरे तोंडावर, दात झाकाले..." ते बोलतच राहिले. जिच्या नाकाला ते नाकासारखं नाक म्हणाले होते, तिची एकेक भुवई, एकेक केस ते आता मिटल्या डोळ्यांनी सांगत होते. मी ऐकता ऐकता रुंद ब्रश उचलला, विटकरीत थोडा तपकिरी मिसळला आणि चित्राकडे गेले.

"सांगा तसं करून देते. बसकं, आणि वण कुठल्या बाजूला?"

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, बाई. नाक हाये माह्यापाशी."

चित्र ओलं होतं. मी सांगून पाहिलं की पंधरवडा तरी राहू द्या, मग न्या. ऐकलं नाही. रमेशनं मागची डिकी उघडली, खाली चादर अंथरली. पण सदारामजी चित्र घेऊन पुढच्या सीटवर बसले. कडांना धरलेलं, आणि तोंड स्वतःकडे केलेलं.

"बाबा, उलटं धरा," रमेश म्हणाला. "रस्ता खराब हाये. रंग तुमच्या सदऱ्याले लागंल."

"लागू दे," ते म्हणाले.